निलगिरी तेल कोणतं घ्यावं? घरात लहान मूल आणि दमेकरी (बजेट २०० रुपये)

मृणाल_डोंबिवली: पावसाळा लागला की आमच्याकडे सर्दी घरभर फिरते, म्हणून निलगिरीचं तेल आणायचंय. वाफेसाठी, माझ्या गुडघ्यांसाठी, आणि जमलं तर कोंड्यासाठी. घरात ३ वर्षांची मुलगी आणि दमा असलेल्या सासूबाई आहेत. २०० रुपयांच्या आत कुठली बाटली घेऊ? थेंब किती?

सह्याद्री_पायी: परदेशी ऑरगॅनिक घ्या, १५ मिली ९०० ला पडतं. बाकीची त्याच्यापुढे पाणी आहेत. आमच्याकडे दुसरं येतच नाही.

उगाच_एक: बजेट वाचलं का?

फार्मा_अण्णा: ब्रँड राहू द्या, लेबल वाचा. युकॅलिप्टस ग्लोब्युलस (निलगिरीची औषधी जात) लिहिलेलं हवं. सिनिओलचं, म्हणजे तेलातल्या मुख्य घटकाचं, प्रमाण दिलं असेल तर ते ७० टक्क्यांच्या खाली नको. सिट्रिओडोरा ही दुसरी जात लिहिली असेल तर ठेवून द्या. त्याला लिंबासारखा वास येतो, त्यात सिट्रोनेलाल भरपूर आणि सिनिओल नावापुरतं. 'फ्रॅग्रन्स ऑइल' म्हणजे नुसता वास, ते अंगाला लावायचं नाही. घरी तपासायचं तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट डाग दिसला तर आत जड तेल मिसळलंय. टर्पेंटाइनची भेसळ मात्र यात सापडत नाही, तेही उडूनच जातं.

उटीप्रेमी: उटीचं घ्या, डोळे मिटून. तिथे दुकानादुकानात मिळतं.

फार्मा_अण्णा: दुकानादुकानात मिळतं हीच अडचण. निम्म्या बाटल्यांवर ना बॅच नंबर, ना तारीख. झाड ऑस्ट्रेलियाचं, इंग्रजांनी सरपणासाठी तिथे लावलं. उटीचं म्हणजे चांगलंच असं काही नाही.

तिळतेल: गुडघ्यांसाठी: ३० मिली तिळाच्या तेलात १२ थेंब. झालं २ टक्के. नुसतं तेल कातडीवर चोळायचं नाही, आग होते आणि पुरळ उठतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला हे मिश्रण लावून २४ तास थांबा. चोळल्यावर गरम पाण्याची पिशवी लगेच ठेवू नका, भाजल्यासारखं होतं. कापलेल्या-खरचटलेल्या जागी तर मुळीच नको.

कोकणी_माणूस: खोबरेलात करा हो. तिळाचा वास कोण सहन करणार.

तिळतेल: थंडीत खोबरेल गोठतं, मग बाटली कोमट पाण्यात ठेवत बसा.

उगाच_एक: १२ थेंब कोणाच्या ड्रॉपरचे? रबरी ड्रॉपरचा थेंब वेगळा, बाटलीच्या तोंडाशी बसवलेल्या प्लास्टिकच्या बुचाचा वेगळा. २० थेंबांचा १ मिली हा ढोबळ हिशेब आहे. मेडिकलमधून २ मिलीची सिरिंज आणा, सुई काढा आणि ०.६ मिली मोजा.

तिळतेल: तेच म्हणतेय मी. ३० मिलीला १२ थेंब.

आजीचा_बटवा: खडीसाखरेवर एक थेंब टाकून चघळा, घसा मोकळा होतो. आमच्याकडे सगळे घेतात.

वॉर्ड_नंबर_४: कृपया नको. हे तेल पोटात घ्यायचं नाही. चमचाभर म्हणजे ५ मिलीसुद्धा लहान मुलाला बेशुद्ध करू शकतं: आधी उलटी आणि गुंगी, मग फीट. आणि हे अर्ध्या तासाच्या आत सुरू होऊ शकतं. मुलानं तोंडाला लावलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, तेल फुफ्फुसात उतरतं. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. बाटली बुचासकट कुलपात ठेवायची, देवघराच्या फळीवर नाही.
मृणालताई, तुमच्या घराबद्दल स्पष्ट सांगते. मुलीच्या नाकाजवळ, छातीला, उशीला हे तेल नको. लहान मुलांचा श्वास उग्र वासानं अडखळू शकतो. सासूबाईंना याची वाफ नको, दम्याच्या माणसाची छाती उलट आवळते. घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर त्यांच्यासमोर बाटली उघडूही नका.

सह्याद्री_पायी: मग डिफ्यूझर (खोलीत वास पसरवणारं यंत्र) लावा, मंद वास राहतो.

वॉर्ड_नंबर_४: डिफ्यूझर म्हणजे सासूबाईंना रात्रभर तोच वास. मांजर असेल तर तिलाही बाधतं.

फार्मा_अण्णा: वाफ फक्त धडधाकट मोठ्यांनी घ्यायची. लिटरभर पाणी उकळा, गॅस बंद करा, पातेलं खाली उतरवून टेबलावर ठेवा. मांडीवर किंवा पलंगावर नाही, वाफाऱ्यात भाजतात ते बहुतेक पातेलं कलंडून. एक-दोन मिनिटांनी २ थेंब. खळखळत्या पाण्यात टाकलं की सगळं एकदम उडतं, डोळे चुरचुरतात आणि ठसका लागतो. डोळे मिटून, हातभर अंतरावरून, ५ मिनिटं. पेटत्या गॅसवर थेंब टाकू नका, हे तेल साधारण ५० अंशांच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. वाफेच्या विजेच्या मशीनच्या टाकीतही नको, प्लास्टिक तडकतं.

कोकणी_माणूस: काचेवरच्या स्टिकरचा गोंद मात्र एका पुसण्यात जातो. थर्माकोलला लावलंत तर थर्माकोलच जातो.

उटीप्रेमी: आणि उवांना?

उगाच_एक: धागा कोंड्याचा आहे.

तिळतेल: कोंड्यासाठी ३० मिलीला ६ थेंब पुरेत. अर्धा तास ठेवून शांपू. डोक्यात ओरखडे असतील तर राहू द्या. नुसत्या तेलानं कोंडा बरा होतोच असं नाही, खवले जाड असतील तर केटोकोनॅझोलचा (बुरशीवरच्या औषधाचा) शांपू.

फार्मा_अण्णा: आणि १५ मिलीच घ्या, तपकिरी काचेची. उघडलेल्या बाटलीतलं तेल हवेनं बिघडतं, मग त्वचेला जास्त चावतं. शंभर-दीडशेत मिळेल.

मृणाल_डोंबिवली: सगळ्यांचे आभार. ठरलं असं: वाफ साध्या पाण्याची, सगळ्यांनाच. कोंड्याला शांपू. तेल फक्त गुडघ्यांना, तिळात १२ थेंब. शेजारच्या काकू उटीला चालल्यात, त्यांना अर्धा लिटर सांगितलंय. तिथे स्वस्त पडतं म्हणाल्या.

फार्मा_अण्णा: अर्धा लिटर??

उटीप्रेमी: बेस्ट. माझ्यासाठीही एक सांगा.

वॉर्ड_नंबर_४: आलं की छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, प्रत्येकीवर नाव आणि तारीख लिहा. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. आणि कुलूप आजच आणा.