मरीन एक्सपिडिशनरी युनिट : एवढ्याशा तुकडीचा उपयोग काय?

निळी रेघ
अमेरिकेच्या मरीन एक्सपिडिशनरी युनिटबद्दल, म्हणजे एमईयूबद्दल, वाचतोय. ही मरीन्सची, म्हणजे जहाजांवरून जाऊन लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांची, तुकडी. साधारण २,२०० माणसं आणि तीन जहाजं, महिनोन् महिने समुद्रावर. एवढ्या बळावर युद्ध जिंकता येत नाही. मग कुठे काही पेटलं की पहिलं नाव हिचंच का येतं? गरज पडेल तेव्हा विमानाने सैन्य पाठवलं तर?

दर्यावर्दी
विमान उतरायला कुणाचा तरी विमानतळ लागतो, आणि त्या देशाची परवानगी. एमईयूचा तळ तिच्यासोबतच फिरतो. पायदळाची बटालियन, विमानं-हेलिकॉप्टरांचं स्क्वाड्रन, रसदीची बटालियन, पंधरा दिवस पुरेल एवढा साठा, आणि या सगळ्यांवर एकच कर्नल. मला हे शेवटचं सर्वांत मोलाचं वाटतं. वैमानिक आणि पायदळ निघण्याआधीच महिनोन् महिने एकत्र सराव करतात, म्हणून हुकूम मिळाल्यापासून सहा तासांत मोहीम सुरू करण्याचं उद्दिष्ट ठेवता येतं.

जून १९९५ मध्ये बोस्नियावर अमेरिकेचं एफ-१६ लढाऊ विमान पाडलं गेलं. वैमानिक स्कॉट ओ'ग्रेडी सहा दिवस लपून राहिला. ८ जूनच्या पहाटे रेडिओवर त्याचा आवाज आला आणि काही तासांत 'कियरसार्ज' जहाजावरच्या २४व्या एमईयूने त्याला उचलून आणलं.

अफगाणिस्तानला तर किनाराच नाही. तरी नोव्हेंबर २००१ मध्ये १५व्या एमईयूने अरबी समुद्रातून उडून, ६०० किलोमीटरहून जास्त आत, कंदहारच्या नैर्ऋत्येची धावपट्टी घेतली.

पाणबुडा
आणि लेबनॉनमधलं बैरूत? तिथल्या बॉम्बस्फोटातही हेच होते ना?

दर्यावर्दी
हो, आणि त्याबद्दल लिहिताना आजही जीव कळवळतो. तेव्हा एमईयूचं नाव मरीन अँफिबियस युनिट होतं. २४वं युनिट शांतिसेनेत होतं, मुक्काम बैरूत विमानतळावर. २३ ऑक्टोबर १९८३ ला स्फोटकांचा ट्रक बराकीत घुसला. २४१ अमेरिकन सैनिक गेले, त्यांत २२० मरीन. त्यांची जागा घ्यायला २२वं युनिट आधीच अमेरिकेहून निघालं होतं, पण त्याला वाटेत कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावरच्या अमेरिकन चढाईसाठी वळवलं. २५ तारखेला त्याने तिथला पर्ल्स विमानतळ घेतला, आणि तिथलं काम आटोपून ते बैरूतला गेलंच.

अचानक येऊन काम उरकायचं आणि जहाजावर परतायचं, यासाठी घडवलेली ही तुकडी. बैरूतला राजकारण्यांनी तिला महिनोन् महिने एका जागी बसवलं. तो दोष त्या पोरांचा नव्हता.

निळी रेघ
आता कळलं. आज कुठे असतात?

दर्यावर्दी
एकूण सात. तीन कॅलिफोर्नियात, तीन नॉर्थ कॅरोलिनात, आणि ३१वं जपानच्या ओकिनावात. कायम देशाबाहेर असलेलं तेवढं एकच. २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीनंतर तिथल्या ओशिमा बेटावर मदत घेऊन तेच उतरलं होतं. सध्याची खरी अडचण जहाजांची. निदान ३१ अँफिबियस, म्हणजे सैन्य समुद्रातून किनाऱ्यावर उतरवणारी, जहाजं ठेवावीत असा कायदा अमेरिकन काँग्रेसने केलाय, पण त्यांतली बरीच जुनी आहेत आणि दुरुस्तीत अडकतात. जहाज गोदीत असेल तर कितीही तयार एमईयू किनाऱ्यावरच राहते.