मदत हवी आहे : खेड्यात आणि पेठेत जादूच्या किती वस्तू विक्रीस ठेवाव्यात?

नमस्कार. बेळगावात आम्ही काही मित्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक जगात पात्रे वठवून फाशांवर खेळायचा खेळ खेळतो आणि खेळ चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मोहिमेचा प्रदेश मी आपल्याच भागावरून बेतला आहे: खानापूरच्या जंगलासारख्या रानात, घाटाच्या तोंडाशी एक खेडे आणि निपाणीसारखी तंबाखूची गजबजलेली पेठ.

2014 च्या नियमांत दुर्मीळ वस्तूची किंमत 501 ते 5,000 सुवर्णमुद्रा एवढी सैल दिली आहे, आणि कोणत्या वस्तीत काय मिळावे हे बहुतांशी खेळ चालवणाऱ्यावरच सोपवले आहे. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीची पद्धत मला अधिक पटते, कारण तिथे खेड्याची आधारकिंमत 500 आणि लहान गावाची 1,000 असून त्या किमतीपर्यंतची वस्तू मिळण्याची शक्यता 75 टक्के धरलेली आहे, त्याहून महाग माल फाशांनी ठरतो. मात्र फाशांना भूगोल कळत नाही. माझ्या रानातल्या खेड्यात त्यांनी होडी जागीच रोखून धरणारे जादूचे पीस काढले, आणि तिथल्या ओढ्यात तर म्हैससुद्धा धड बुडत नाही!

असा विसंगत माल आपण सरळ बदलता, की तो तिथवर कसा पोहोचला याची कथा रचता? खेड्यात कायमचे दुकान न ठेवता आठवडी बाजाराला येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्याकडेच वस्तू ठेवल्या, तर त्याचा साठा किती दिवसांनी बदलावा? शिवाय, खेळाडूंनी विकलेली महागडी तलवार विकत घेण्याइतकी रोकड त्याच्याकडे असावी का? ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.