प्रतिसाद: काळा मध जास्त जंतुनाशक असतो का?

वर दोन प्रश्न आलेत: येऊरच्या बाजूला मिळणारा काळसर मध जास्त गुणकारी का, आणि वाशीच्या मॉलमधल्या मधाला वास का नाही.

रंगावरून फार तर अंदाज येतो. गडद मधात फिनॉलिक द्रव्यं (वनस्पतींत तयार होणारी, जंतूंना थोडंफार रोखणारी रसायनं) बहुधा जास्त असतात, पण बहुतेक मधांची जंतुनाशक ताकद हायड्रोजन पेरॉक्साइडची. मधमाशीच्या ग्रंथीतलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) मध पातळ झाला की हे पेरॉक्साइड तयार करतं. फुलोरा इथे आडवा येतो: काही परागांतलं आणि मकरंदातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम हेच पेरॉक्साइड मोडतं. म्हणून एकाच पेटीतला जांभळाचा आणि कारवीचा मध वेगळा वागू शकतो. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधाचं गणित निराळं, तिथे काम करतं मिथाइलग्लायऑक्साल हे रसायन, ते उष्णतेला बरंच टिकतं.

पेरॉक्साइडवाला मध मात्र उष्णतेने आणि उन्हाने लवकर निकामी होतो. सुगंधही तिथेच जातो, कारण ती द्रव्यं उडून जाणारी. गाळणं सोपं व्हावं, साखर धरू नये म्हणून कंपन्या मध तापवतात, वर अनेक फुलोऱ्यांचे मध मिसळतात. वास उरणार कुठून?

घरी मध थिजला तर बरणी ४० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. आपल्याकडच्या पावसाळी हवेत झाकण घट्ट हवंच. पाणी २० टक्क्यांवर गेलं की मध आंबतो.

जखमेवर खाण्याचा मध लावू नका, त्यासाठी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध मिळतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूही नका, बॉट्युलिझमचा (जिवाणूच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका खरा आहे.