आत्मिक भूक की आत्मिक लोभ?

ओमरभर : "आणखी अभिषेक, आणखी संजीवन सभा (विश्वास जागवणाऱ्या प्रार्थनासभा), आणखी भविष्यवाणी" ही मंडळीतली मागणी सर्रास 'आत्मिक भूक' म्हणून खपते. मला त्यात लोभ दिसतो. बायबलमधल्या निर्गम १६ मध्ये माप ठरलेलं आहे : रानात देवाने इस्राएलांना रोज दिलेलं अन्न, मान्ना, माणशी एक ओमर, म्हणजे एफा या मापाचा दहावा भाग. सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले. संदेशांचंही (प्रवचनांचंही) तेच. रविवारी ऐकलेल्यातलं बुधवारपर्यंत काहीच हातून घडलेलं नसतं, तोवर दुसरा संदेश लावलेला. क्रूसाचे योहान या स्पॅनिश संन्याशाने सोळाव्या शतकातच याला लोभ म्हटलं : पुस्तकं आणि जपमाळा साठवायच्या, अंतरीचं दारिद्र्य मात्र नको. (जपमाळेच्या जागी सेव्ह केलेले व्हिडिओ धरा.)

तहानलेला : साफ असहमत. नीतिमत्त्वाची भूक व तहान लागलेल्यांना मत्तय ५:६ धन्य म्हणतं, माप घालून देत नाही. याकोब देवाशी पहाटेपर्यंत झोंबला, आशीर्वादाशिवाय सोडेना. त्याला लोभी म्हणणार? आणि त्याच निर्गम १६ मध्ये ओमरभर मान्ना पात्रात घालून पिढ्यान् पिढ्या राखून ठेवलाय. तो का नाही किडला?

ओमरभर : तो राखायची आज्ञा होती म्हणून. शब्बाथासाठी ठेवलेलाही टिकला. आणि याकोब तिथून लंगडत निघाला, तेवढं गाळू नका.

हिशेबनीस : दोघेही खिशाला हात लावत नाही आहात. कलस्सै ३:५ लोभाला थेट मूर्तिपूजा म्हणतं. उपाय १ करिंथ १६:२ मध्ये आहे : आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढा. महिनाअखेर उरेल त्यातून देऊ म्हटलं की उरत नाही. पैसे आले त्याच दिवशी ते वेगळ्या खात्यात टाका. मिळकत वाढली की आकडा पुन्हा मांडा. १०० तले १० देणारा १५० झाल्यावरही १० च देत राहिला, तर दशांश (मिळकतीचा दहावा भाग) घसरून पंधरावा हिस्सा झाला आणि त्याला पत्ताही नाही. दुसरी खोट म्हणजे 'शंभरपट परत मिळेल' म्हणून देणं. तो सौदा झाला. अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी याने, कोड बरं झालेल्या नामान सेनापतीकडून दोन किक्कार (जुनं वजन) रुपं आणि दोन पोशाख उकळले, सोबत त्याचं कोडही घरी आलं.

तहानलेला : प्रमाण तरी सगळ्यांना एकच कुठे आहे? मार्क १० मधल्या धनवानाला "सगळं विक", जकातदार जक्कयाने अर्धं दिलं तर उरलेल्याची विचारपूससुद्धा नाही.

हिशेबनीस : जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट फेडायचंही कबूल केलं होतं. उरलेल्या अर्ध्यातून किती हाती राहिलं असेल, मांडून बघा.

ओमरभर : पाचारणाचंही (देवाने सेवेसाठी हाक देण्याचंही) तेच, खुणा जमवत बसायचं. देवाची हाक ऐकून बाळ शमुवेल तीनदा एली याजकाकडे धावला, चौथ्यांदा "बोल" म्हणाला. हाक वाटली तर तारखेसह लिहा, आपल्या निर्णयात ज्यांचा फायदा नाही अशा दोघा जाणत्यांना दाखवा, कर्ज आणि घरच्यांची सोय लावा, मगच राजीनामा. लढाईआधी देवाची खूण बघायला गिदोनाने दोनदा लोकर पसरली. तिसऱ्यांदा खूण नाही.

तहानलेला : शास्ते ७ वाचा. ३२,००० सैनिकांचे ३०० उरल्यावर देवानेच त्याला "भीती वाटत असेल तर छावणीत उतर" सांगून शत्रूच्या शिपायाचं स्वप्न ऐकवलं. तिसरी खूण न मागता मिळाली.

ओमरभर : चुकलं माझं, मान्य. पण स्वप्न ऐकून परतल्यावर त्याने त्याच रात्री ३०० जणांच्या तीन टोळ्या केल्या आणि मधल्या प्रहराला छावणी गाठली.