काविळीत नाकातून येणारं ते पिवळं पाणी

'नाकात औषध घातल्यावर वडिलांची कावीळ पिवळ्या पाण्यावाटे उतरतेय, मग तपासण्या कशाला?' असं वर विचारलंय, म्हणून लिहितोय. आमच्या मामांनी राधानगरीकडं जाऊन देवडांगरी या कडू रानवेलीचा रस असाच नाकात घालून घेतला होता. दोन दिवस नाक गळत होतं. मामी रुमाल पिळून दाखवायची, "बघा, कावीळ उतरतीया."

ते पाणी नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराची आग झाल्यामुळं येतं. अंग पिवळं करणारं पित्त नाकातून निघत नाही हो!

कावीळ हे नुसतं लक्षण आहे, त्यामागचा आजार वेगवेगळा असू शकतो. दूषित पाण्यातून होणारी 'ए' किंवा 'ई' विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय झाडपाल्याला मिळतं. पण २०१२ च्या इचलकरंजीच्या साथीत माणसं दगावली होती. 'ई' गरोदर बाईच्या तर जिवावर बेतू शकते.

मामांचं दुखणं वेगळंच होतं. अंगभर खाज, शौच पांढऱ्या मातीसारखी. शेवटी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा सोनोग्राफी केली. पित्तनलिकेत खडा अडकलेला! दुर्बिणीतून काढला, पण महिना वाया गेला होता.

वडिलांना खाज आहे का, शौचाचा रंग कसा आहे, आजच विचारा. एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करून घ्या, आणि आतापर्यंत दिलेला पाला डॉक्टरांपासून लपवू नका.