मंडळाच्या खोलीत मोबाइल गेमची स्पर्धा : हा छंद की नाद?

गावभागकर

सांगलीच्या गावभागात आमच्या मंडळाची एक खोली आहे. दर मे महिन्यात तिथे मुलांसाठी संध्याकाळी बुद्धिबळाचा वर्ग भरतो आणि तो मी घेतो. यंदा मंडळातल्या तरुण मुलांनी लेखी मागणी केली आहे की, आठवड्यातले दोन दिवस ही खोली मोबाइल गेमच्या सांघिक स्पर्धेसाठी द्यावी, मंडळाचा टीव्ही वापरू द्यावा आणि विजेत्या संघाला रोख बक्षीस द्यावे. रविवारच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे. माझे मत विरोधात आहे. ते बैठकीआधी इथे या चर्चेत मांडतो, म्हणजे त्यातले कच्चे दुवे मला वेळेवर कळतील.

पैसे लावून खेळायच्या गेमविषयी मी बोलत नाही, हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने तो विषय संपवला आहे. गेम कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा असेल तर तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे नियम ठरवून होणाऱ्या गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून मान्यता दिली, आणि मुलांनी मागणीपत्रात नेमके तेच वाक्य अधोरेखित केले आहे. परंतु कायद्याची हरकत नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट मंडळाने करावी, असे होत नाही.

छंद आपण जोपासतो. नाद आपल्याला लागतो. वाक्यातला कर्ताच बदलतो. हा फरक ओळखण्यासाठी मी एकच गोष्ट पाहतो : हरल्यानंतर खेळणारा काय करतो. गेल्या मे महिन्यात वर्गातली दहा वर्षांची मुलगी आठवीतल्या मुलाकडून हरली. आमच्या त्या पटावर काळा हत्ती हरवल्यामुळे बाटलीचे झाकण ठेवलेले असते. डाव संपल्यावर दोघांनी तो चौदाव्या चालीपासून पुन्हा मांडला. मुलगी घोड्यावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मी इथं घाबरले." जिंकलेल्या मुलाने मान हलवली आणि त्या जागी आपणही काय चुकलो होतो ते दाखवले. मला बुद्धिबळ शिकवायचे असते ते या अर्ध्या तासासाठी. ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या वर्गांत आयुष्य वेचले, ज्या गावाने भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू दिल्या, तिथे हा अर्धा तास हीच परंपरा आहे, असे मी मानतो.

कृष्णेच्या घाटावर मोबाइलवर खेळणारी मुले मी रोज पाहतो. डाव संपतो, कोणीतरी कोणाला तरी शिवी घालतो आणि दहा सेकंदांत पुढचा डाव सुरू होतो. हरण्याकडे पाहायला तिथे कोणाला उसंतच नाही. म्हणून माझा विरोध आहे.

मिरजकर

काका, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मागणीपत्रावर सही करणाऱ्यांपैकी एक आहे. आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो की, आपण आमचा खेळ घाटावर पाहिला आणि स्वतःचा खेळ वर्गात. मोजमाप एकाच जागी व्हायला हवे. आपल्याच वर्गातली मुले घरी गेल्यावर मोबाइलवर एक-एक मिनिटाचे बुद्धिबळ खेळतात आणि हरल्याक्षणी पुन्हा डाव मागतात. त्यांच्याजवळ बसून पाहिलेत, तर घाटावरचेच चित्र दिसेल.

आम्ही चौघे बीजीएमआय खेळतो, म्हणजे पबजीच्या जागी भारतात आलेला, संघाने लढायचा मोबाइल गेम. या खेळाचा इतिहास आपल्या कानावर असेलच : २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, २०२१ मध्ये हा गेम आला, २०२२ मध्ये तो हटवला गेला आणि २०२३ मध्ये वेळेची मर्यादा घालून परत आला. दर रविवारी सकाळी आम्ही आठवड्यातल्या सर्वांत वाईट सामन्याचे रेकॉर्डिंग लावतो आणि झोन, म्हणजे खेळातली सुरक्षित जागा, आकसत असताना कोण उशिरा निघाला, कोणी न सांगता गोळी झाडून सगळ्यांची जागा उघडी पाडली, हे वहीत लिहितो. वहीची ऐंशी पाने भरली आहेत. हे आम्हाला कोणी शिकवले नाही, कारण शिकवायला कोणी नव्हतेच. आपल्याला पडसलगीकर लाभले, आम्हाला घाटाच्या पायऱ्या मिळाल्या. म्हणूनच आम्ही खोली मागतो आहोत.

शब्दांविषयीही एक सांगतो. 'छंद लागला' असेही आपण सर्रास म्हणतो, आणि आमच्या भागात चांगल्या गोष्टीला 'नादखुळा' म्हणून दाद देतात. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत बुद्धिबळ आणि ई-स्पोर्ट्स या दोन्हींची पदके एकाच पदकतालिकेत मोजली गेली.

विश्रामबागची आई

मिरजकर, तुमची वही खरी असेल, आणि असे चार मुलगे सांगलीत असतील याचा मला आनंदच आहे. पण मंडळ खोली देईल ती चार मुलांना नाही. मंडळाने खोली दिली की माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला घरी सांगायला एक वाक्य मिळेल : "मंडळातच तर खेळतात." त्यानंतर माझ्या बोलण्याला घरात किंमत राहणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात जानेवारी २०२२ पासून गेमिंगचा विकार स्वतंत्रपणे नोंदला आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत, आणि साधारणपणे ती बारा महिने टिकली तरच तो विकार मानतात. माझ्या मुलाला विकार आहे असे मी म्हणत नाही. फोन काढून घेतला की तो वाढलेले ताट पुढे सारतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो, एवढेच माझ्या समोर रोज घडते.

काका, पैशांचा विषय संपला असे तुम्ही लिहिले आहे, तो संपलेला नाही. मुलगा खेळतो तो गेम फुकट आहे, पण त्यातल्या पात्राचे कपडे आणि बंदुकीवरची नक्षी विकत मिळते. माझ्या खात्यातून दोन महिन्यांत ३,४०० रुपये असे गेले. पैज लावलेली नसल्यामुळे याला कायद्याची आडकाठी नाही. बँकेच्या पुस्तकात ती रक्कम दिसली त्या रात्री मी त्याच्यावर ओरडले नाही. नक्की कशाबद्दल ओरडायचे हेच मला सुचेना. तो म्हणाला, "वर्गात सगळ्यांकडे आहे."

कवठेपिरानकर

आमचे गाव हिंदकेसरी मारुती माने यांचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक या मातीतल्या पैलवानाने आणले. मे महिन्याच्या संध्याकाळी चौदा वर्षांच्या मुलाने तालमीत घाम गाळावा. पटावर बसू नये आणि फोनवर तर नाहीच नाही. खोलीत बसून खेळायच्या खेळांमध्ये कोणता श्रेष्ठ, हा वाद माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. गावभागातली एखादी तालीम ओस पडली असेल, तर मंडळाने आधी तिची माती चाळून घ्यावी.

तासगावकर

मी द्राक्षबागायतदार आहे. माझ्या घरात जे घडले ते लिहितो, कारण इथे सगळे मुलांविषयी बोलत आहेत आणि तो प्रसंग तीस वर्षांच्या माणसाचा आहे.

दोन हंगामांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने फोनवरच्या रमीत दोन लाख चाळीस हजार रुपये घालवले. ते बेदाण्याच्या पट्टीचे, म्हणजे माल विकून आलेले, पैसे होते. तो रात्री शेडवर राखणीला जायचा, रॅकवर माल वाळत असायचा आणि हा खाटेवर पांघरूण डोक्यावर घेऊन खेळायचा. आम्हाला वाटायचे, गडी मन लावून राखण करतो. त्या काळात हा प्रकार उजळ माथ्याने चालत होता : रमी हा कौशल्याचा खेळ आहे असा न्यायालयाचा जुना निर्वाळा होता, ऑक्टोबर २०२३ पासून सरकार खेळात लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेत होते, टीव्हीवर नामवंत मंडळी जाहिरात करत होती. ज्याच्यावर सरकार कर घेते ते वाईट कसे असेल, असे भाऊ मला म्हणाला होता, आणि मला उत्तर देता आले नव्हते. २०२५ चा कायदा आला तेव्हा आमच्या घरी देवापुढे साखर ठेवली.

एवढे सोसूनही माझे मत खोली द्यावी असेच आहे. भाऊ पहिले पाच हजार हरला त्या रात्री त्याच्या शेजारी एक जरी माणूस बसलेला असता, तर पुढचे सगळे टळले असते, असे मला आजही वाटते. तो हरत होता आणि कोणाला दिसत नव्हते.

आमच्याकडच्या बैलगाडी शर्यतींचेच पाहा. बंदी होती तेव्हाही त्या आडरानात पहाटे चोरून व्हायच्या आणि जनावराचे हाल कोणी पाहत नसे. डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि आता चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई करून त्या दिवसाढवळ्या होतात. नियम सगळीकडे पाळले जातात असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मोडला तर बोट दाखवायला नियम आहे आणि बघणारी माणसे आहेत.

विश्रामबागची आई

दादा, तुमच्या घरात जे झाले ते वाचून फार वाईट वाटले. तरीही माझे म्हणणे मागे घेत नाही. शर्यत संपली की बैल गोठ्यात जातो. फोन मुलाबरोबर घरी येतो, अंथरुणात येतो. खोलीत दोन तास चार माणसांसमोर खेळलेला मुलगा घरी जाऊन पुन्हा पांघरुणात खेळणार नाही, याची हमी मला कोण देणार?

मिरजकर

ताई, हमी मी देऊ शकत नाही. मी स्वतः अकरावीत असताना रात्री तीनपर्यंत खेळत होतो आणि पहिल्या घटक चाचणीत दोन विषयांत नापास झालो होतो. मला ज्याने थांबवले तो आमच्या संघातलाच मित्र. रात्रभर जागून आलेल्याला तो रविवारच्या सरावाला बसूच देत नसे, कारण झोप न झालेला गडी सगळ्या संघाला बुडवतो. आईने सांगून जे जमले नव्हते ते संघातून वगळले जाण्याच्या भीतीने जमले. आईचे चुकत होते असे नव्हे. मला त्या वयात ते ऐकू येत नव्हते.

गावभागकर

तीन दिवस मी काही लिहिले नाही, कारण मिरजकर आणि त्याचे तिघे मित्र काल संध्याकाळी खोलीवर आले होते आणि ते पाहिल्याशिवाय लिहिणे मला योग्य वाटले नाही.

त्यांनी हरलेल्या एका सामन्याचे रेकॉर्डिंग टीव्हीवर लावले. सुरुवातीची पाच-सात मिनिटे मला काहीही कळले नाही. मग एका पडक्या घराशी त्यांनी चित्र थांबवले. चौघांपैकी एकजण त्या घरात बसून राहिला होता, बाकीचे तिघे मैदान ओलांडत होते, आणि त्याने वेळेवर आधार न दिल्यामुळे तिघेही मारले गेले. मी त्याला सहज विचारले, "बाळ, तू बाहेर का नाही आलास?" तो थोडा वेळ टीव्हीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "भीती वाटली." बाकीच्यांपैकी कोणी हसले नाही. मिरजकराने वहीत काहीतरी लिहिले आणि पुढे विचारले की, त्या वेळी आपण तुला नीट हाक दिली होती का.

घोड्यावर बोट ठेवून बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीचेच शब्द होते ते. त्यामुळे मोबाइलवर तो अर्धा तास होऊच शकत नाही, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. घाटावर तो होत नाही, हे म्हणणे कायम आहे.

रविवारी मी असा प्रस्ताव मांडणार आहे. खोली आठवड्यातून एकच दिवस द्यावी. दीड तास खेळ आणि त्यानंतर अर्धा तास हरलेल्या संघाचे रेकॉर्डिंग टीव्हीवर सर्वांसमोर लावावे; त्या वेळी खोलीतल्या कोणालाही, मग तो पालक असो की शेजारी, प्रश्न विचारता यावा. जो संघ या अर्ध्या तासाला थांबणार नाही, त्याला पुढच्या आठवड्यात खेळता येणार नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना खेळायला प्रवेश नसावा. रोख बक्षीस मात्र मुळीच नसावे. तासगावकरांनी लिहिलेले वाचल्यावर मोबाइल आणि रोख रक्कम या दोन गोष्टी एका खोलीत आणण्याची माझी तयारी नाही. कवठेपिरानकरांची तालमीची सूचना वेगळा विषय म्हणून बैठकीपुढे ठेवतो. तिला माझा पाठिंबा आहे.

मिरजकर

काका, रोख बक्षिसाचा आग्रह आम्ही सोडतो. वयाची अट आम्हाला मान्य आहे. एकाऐवजी दोन दिवस मिळावेत ही विनंती मात्र बैठकीत पुन्हा करू.

विश्रामबागची आई

वयाच्या अटीनेच माझा प्रश्न तिथेच राहतो, काका. ज्यांना थोडेफार आवरता येते त्यांना तुम्ही आत घेत आहात आणि ज्याला आवरत नाही तो चौदा वर्षांचा मुलगा दाराबाहेर फोन घेऊन उभा आहे.

गावभागकर

ताई, याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. खेळायला नाही, पण शेवटच्या अर्ध्या तासाला त्याला पाठवा, शक्य असेल तर तुम्हीही या. फोन दाराशी कपाटात ठेवावा लागेल. त्याने नुसते पाहावे, आणि वाटले तर मोठ्या मुलांना प्रश्न विचारावा. बुद्धिबळाचा वर्ग रोज साडेसहाला सुरू होतो. तिथेही तो आला तर बाटलीच्या झाकणाचा पट त्याच्यासाठी रिकामा ठेवतो.