पियानोच्या तारा बदलताना : अर्धा नंबर जाड घ्यायची की मूळ मापाचीच?

खान्देशी सूर (धागाकर्ता)
भुसावळच्या एका घरातला शंभरेक वर्षांचा अपराइट (उभ्या तारांचा) पियानो पुन्हा उभा करायचाय. लोखंडी फ्रेम शाबूत, पण तारांवर गंज आणि वरच्या दोन सप्तकांत पाच तारा तुटलेल्या. माझं मत असं : सगळ्या साध्या (तांबं न गुंडाळलेल्या) तारा एकदमच काढाव्यात आणि सगळीकडे अर्धा नंबर (नंबर म्हणजे जाडीचं माप) जाड तार घालावी, म्हणजे पुन्हा तुटायच्या नाहीत. तीही जर्मनीहून मागवायची गरज नाही, जळगावात स्प्रिंगची तार मिळते, पोलाद तेच. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

तापीकाठ
भाऊ, जाड तार कमी तुटते हा हिशोबच चुकतो. ठरलेल्या लांबीची तार ठरलेल्या स्वराला आणली की तिच्यावर दर चौरस मिमीला किती ताण येणार, हे लांबी आणि कंपनसंख्येवरच ठरतं. जाडीचा त्यात संबंध नाही. शेवटचा सा घ्या : 4186 हर्ट्झ, लांबी साधारण 52 मिमी. ताण येतो दर चौरस मिमीला जवळपास 1490 न्यूटन, तार 13 नंबर असो की 14. जाडीने ताकद जितकी वाढते तितकीच ओढही वाढते. उलट बारीक तार डायमधून (तार बारीक करायच्या छिद्रातून) जास्त खेचलेली असते, त्यामुळे दर चौरस मिमीला तीच किंचित मजबूत.

आता ओढ, म्हणजे अख्ख्या तारेचं एकूण बळ, बघा. 13 नंबर म्हणजे 0.775 मिमी, 14 म्हणजे 0.825. एका नंबराला ओढ 13 टक्के वाढली. 16 वरून साडेसोळावर गेलात (0.925 ते 0.950) तरी साडेपाच टक्के. पियानोवर एकूण ओढ 15 ते 20 टन असते, म्हणजे शंभर वर्षांच्या फ्रेमवर आणि खुंटीफळीवर (खुंट्या बसवलेल्या लाकडी फळीवर) जवळजवळ एक टन जादा बोजा. शिवाय तार ताठर झाली की उपस्वर चढे निघतात आणि सप्तकं नीट जुळत नाहीत.

तार तुटते ती खुंटीच्या वळणापाशी गंजून, नाहीतर वरच्या दाबपट्टीवर (तारा दाबून धरणाऱ्या पट्टीवर) खाच पडली असेल तिथे. ती खाच गुळगुळीत करून घ्या, तुटणं तिथे थांबेल.

खान्देशी सूर
ओढीचं पटलं. पण मूळ नंबर कळणार कसा? फ्रेमवर काही वाचता येत नाही.

मायक्रोमीटर
तार मोजूनच कळेल. 0.01 मिमी दाखवणारा मायक्रोमीटर घ्या, व्हर्नियर चालणार नाही. गंजाने माप फुगतं, म्हणून बारीक एमरी पेपरने दोन इंच जागा साफ करा आणि तीन ठिकाणी मोजा. नंबर अर्ध्याअर्ध्याने बदलतो, म्हणजे 0.025 मिमीने. दोन मापांच्या मधला आकडा आला तर शेजारच्या स्वरांची मापं बघा, खालून वर जाताना तार बारीकच होत गेली पाहिजे. मध्येच एखादी जाड निघाली तर आधीच्या कुणीतरी हाताला आली ती तार घातलीय. ती कॉपी करू नका. सगळे 88 स्वर कागदावर उतरवा आणि मगच तारा सोडा. सोडतानाही एका बाजूने सुरुवात करू नका, सगळीकडे थोडी थोडी ढिली करत तीन-चार फेऱ्यांत सोडा.

धुळेकर
स्प्रिंगच्या तारेला सरसकट नावं ठेवू नका भो. ताकदीत ती पियानोच्या तारेच्या जवळपास असते. एखादी तार तुटली आणि नवी यायला महिना लागणार असेल, तर तोवर स्वर मुका ठेवण्यापेक्षा ती बरी.

तापीकाठ
तात्पुरती एखादी, कबूल. पूर्ण संचाला नाही. स्प्रिंगच्या तारेला गुंडाळी धरून राहायची सवय असते आणि गोलाईची काटेकोर हमी नसते. तार कुठे किंचित लंबगोल असली तर एकटी छेडली तरी सूर डोलतो. एका स्वराच्या तीन तारांत जाडीचा फरक असेल तर त्या कधीच एकजीव होत नाहीत. ट्यूनर कितीही कसबी असला तरी हा दोष खुंटी फिरवून जात नाही.

मायक्रोमीटर
तारेची जात हा वेगळा वाद आहे. रोस्लाऊ आणि मेप्स या तार बनवणाऱ्या कंपन्या, दोन्हींची तार कडक. पॉलेलो हा तिसरा उत्पादक कमी ताणशक्तीच्याही (मऊ) तारा करतो, जुन्या पियानोंसाठी काहीजण त्याच घेतात. माझा कल तिकडेच आहे : जुनी रचना कमी ताकदीच्या तारेसाठी होती, तिथे कडक तार फार सैल बसते आणि आवाज रुक्ष होतो.

तापीकाठ
हे मला मान्य नाही. माप तेच असेल तर ओढ तीच राहते आणि ताठरपणाही जवळपास तोच. रुक्षपणा आधी हातोड्यांच्या फेल्टमध्ये शोधा, ते वर्षानुवर्षं ठोकून टणक झालेले असतात. वरच्या सप्तकांत तर कमी ताकदीची तार घालूच नका, तिथे लांबी थोडी जास्त निघाली तरी ती तुटेल.

मायक्रोमीटर
वर कडक, मधल्या पट्ट्यात मऊ. मी एवढंच म्हणतोय.

धुळेकर
खरेदीचं सांगतो. प्रत्येक नंबराची 500 ग्रॅमची गुंडाळी घेऊ नका. 16 नंबराची ती 95 मीटर भरते आणि दहा स्वरांना 30 मीटर पुरते, कारण एकच तार खालच्या खिळ्याला वळसा घालून दोन तारांचं काम करते. नंबर लागतात बारा-पंधरा. तुकड्यांवर देणारा विक्रेता शोधा. तांब्याच्या गुंडाळीच्या बास तारांना नुसता नंबर कळवून भागत नाही, जुनी तार नमुना म्हणून पाठवावी लागते.

खुंट्याही बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, लाकूड सुकतं आणि खुंटी फिरते. सैल असेल तर एक नंबर मोठी घाला.

खान्देशी सूर
ठरलं, मूळ मापाच्याच घालतो. दाबपट्टी आधी. मऊ-कडकचं अजून मन होत नाही.

तापीकाठ
तारा चढवल्यावर पहिल्या दिवशीच पूर्ण स्वराला आणू नका. अर्धा स्वर खाली ठेवा, घोडीवर तार हलकी दाबून बसवा, मग चढवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चार वेळा तरी ट्यूनिंग लागेल, आणि पावसाळा लागला की आणखी एकदा.